मोडलेली झोप आणि पोटातली कळ

कुणी भाकरी थापत असाल, कुणी बांधावर मोबाइल ठेवून निंदणी करत असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडं असू द्या. आज कर्ज, व्याज, हप्ता यांवर बोलायचं नाही. पण गोष्ट सुरू होते ती एका कर्जाच्या अर्जापासूनच.

श्रावणातली मासिक बैठक होती, अंगणवाडीच्या ओट्यावर. पाच अर्ज आले होते. त्यातल्या तिघींनी कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आजारपण’. आम्ही समन्वयक म्हणून विचारतोच की कसलं आजारपण. तर तिघींचंही उत्तर एकच, पोट. एकीला गॅस, एकीला मुरडा, आणि तिसरी आमची एक वहिनी, वय चौतीस, तिला चाळीस हजार हवे होते. म्हणाली, “पिशवी काढायचीय.”

आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पिशवी म्हटलं की कुठली पिशवी हे कुणी विचारत नाही. दाढ काढली म्हणावं इतक्या सहज बायका सांगतात, पिशवी काढली. वहिनीचं पोट चार वर्षं दुखत होतं. बेंबीच्या खाली कळ, पोट ढोलासारखं फुगायचं, चार दिवस लेंड्यांसारखं घट्ट, मग दोन दिवस पातळ. एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली, तिथं सांगितलं पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर शब्द ऐकल्यावर कोण थांबणार? दोन लेकरं झालीत, आता पिशवीचं काम काय, असं घरच्यांनीही म्हटलं.

आम्ही अर्ज वहीत चढवणारच होतो. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आत्या बोलल्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण गावातली अर्धी बाळंतपणं त्यांनी पाहिलीत. म्हणाल्या, “का गं, तुझं पोट पाळीलाच दुखतंय का रोजचं? आणि परसाकडं जाऊन आलीस की उतरतंय का?” वहिनी म्हणाली, “रोजचंच आहे आत्या. पाळीत जास्त. आणि जाऊन आलं की तासभर बरं वाटतं, मग परत.” आत्या म्हणाल्या, “मग पिशवी कशाला कापतीस? तुझं आतडं रागावलंय.”

आत्या काही डॉक्टर नाहीत, आणि आम्हीही नाही. पण गटाने ठरवलं, अर्ज नामंजूर करायचा नाही, महिनाभर बाजूला ठेवायचा आणि आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. वहिनीला राग आला. “पोट माझं, पैसे मी फेडणार, तुम्ही कोण ठरवणार?” म्हणाली. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. आम्ही तिच्या जागी असतो तर आम्हीही चिडलो असतो. गटाचा पैसा हातात आहे म्हणून बाईच्या शरीराचा निर्णय गटाने घ्यायचा नसतो, यावर त्या दिवशी आमच्यातच वाद झाला. शेवटी ती आली ती आत्यांच्या शब्दाखातर.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, शौचाची तपासणी केली, सोनोग्राफी परत केली, आतून तपासणी केली. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. “रात्री झोप किती होते?”

वहिनी हसली. “मॅडम, झोपायला वेळ कुणाला आहे?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “कालची रात्र सांगा बरं मला.” मग वहिनीने सांगितलं. जेवणं, भांडी, उद्याच्या डब्याची तयारी होऊन साडेदहाला पाठ टेकली. साडेबाराला नळाला पाणी आलं, चौथ्या दिवशी येतं, सोडून कसं चालेल? हंडे, टाकी भरून दीडला पडली. दोनला मालक मोटार चालू करायला रानात निघाले, कारण या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. बॅटरी धरायला, सापकिरड्याच्या भीतीने, हीपण सोबत. साडेतीनला परत. बारकं पोरगं उठलं होतं. त्याला थोपटता थोपटता पावणेपाच झाले आणि उठायची वेळ झाली.

मैत्रिणींनो, आम्ही शेजारी बसून ऐकत होतो आणि मनात मोजत होतो. तीन तासही भरत नव्हते, आणि तेही तुकड्या-तुकड्याने. यात वेगळं काय, असं आम्हाला वाटलं, तीच गोष्ट सगळ्यांत वाईट वाटली.

मॅडम म्हणाल्या, “पिशवीला काही झालेलं नाही. पांढरं पाणी थोडं आहे, त्याच्या गोळ्या देते. तुम्हाला आयबीएस आहे.” पूर्ण नाव इरिटेबल बाऊल सिंड्रोम. आम्ही गटात त्याचं नाव ठेवलंय चिडकं आतडं. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. दुर्बीण घालून पाहिलं तरी आतडं चांगलंच दिसतं. बिघाड असतो तो त्याच्या वागण्यात. डॉक्टर मंडळी साधारण असं धरतात की गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस तरी पोट दुखतंय, ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे, आणि शौचाला जाण्याची वेळ किंवा शौचाचं रूप बदललंय, म्हणजे कधी घट्ट, कधी पातळ. आणि हे सगळं सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असतात.

दुर्बिणीत काही दिसत नाही, म्हणून घरचे काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. “सगळे रिपोर्ट चांगले आलेत, हिला कामाचा कंटाळा आहे.” तसं नाही हो. संशोधकांनी तपासून पाहिलंय. आतड्याच्या शेवटच्या भागात लहानसा फुगा ठेवून हळूहळू फुगवला, तर आयबीएस असलेल्या बऱ्याच माणसांना तो थोडासा फुगल्यावरच दुखायला लागतं, बाकीच्यांना त्याची फक्त जाणीव होते. म्हणजे कळ खरी असते. आतड्याकडून मेंदूकडं जाणारा निरोप मोठा होऊन पोचतो. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, पण आवाजाचं बटण कुणीतरी पूर्ण फिरवून ठेवलंय, असं समजा.

आता हे बटण फिरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. काळजी, घरातली भांडणं, पूर्वी होऊन गेलेली जुलाबाची साथ, पाळीचे दिवस, काही खाणं. पण आज आम्ही झोपेबद्दलच बोलणार आहोत, कारण तिच्याकडं कुणी बघत नाही.

आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं दाट जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं. ते मेंदूशी सतत बोलत असतं. आतड्यालाही दिवस-रात्र कळते. आपण गाढ झोपेत असतो तेव्हा मोठं आतडं जवळजवळ गप्प असतं. जाग आली की ते हलायला लागतं. म्हणून तर सकाळी उठून पाणी, चहा घेतला की जावंसं वाटतं. आता विचार करा, एका रात्रीत बाईला तीनदा उठवलं तर तिच्या आतड्यालाही तीनदा उठवलं. शिवाय झोप कमी पडली की दुखणं सोसायची ताकदच कमी होते. हे पोटापुरतं नाही, डोकं, कंबर, दात, सगळ्यालाच लागू आहे. चांगल्या धडधाकट माणसांना मुद्दाम जागं ठेवून हे पाहिलेलं आहे. मग ज्या बाईचं आतडं आधीच चिडकं आहे तिचं काय होत असेल?

पण एक शंका आमच्याही मनात आली, आणि तुमच्याही आली असेल. पोट दुखतं म्हणून झोप लागत नाही, की झोप नाही म्हणून पोट दुखतं? अमेरिकेत सिअ‍ॅटल नावाचं शहर आहे. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात आयबीएस असलेल्या बायकांकडून आणि नसलेल्या बायकांकडूनही रोज टिपणं लिहून घेतली, रात्र कशी गेली आणि दिवसभर पोट कसं होतं. २०१४ साली ते छापून आलं. आयबीएस असलेल्या बायकांच्या टिपणांत असं दिसलं की वाईट रात्रीच्या दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं, थकवा आणि जिवाची घालमेल वाढते. उलट बाजूने पाहिलं, आज पोट दुखलं म्हणून आजची रात्र वाईट गेली, तर तसा संबंध त्यांना दिसला नाही. म्हणजे आधी रात्र बिघडते, मग पोट. प्रत्येकीचं असंच असेल असं नाही, पण वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मी रातभर पाणी भरते आणि फेडते माझं पोट!”

मॅडमनीही तिला टिपण ठेवायला सांगितलं होतं. पण वहिनीची शाळा चौथीत सुटली, लिहायचा कंटाळा. यावर आमच्या सचिव ताईने तोडगा काढला. भिंतीवर कालनिर्णय असतंच. दोन पाकिटं टिकल्या आणायच्या. रात्र मोडली तर दुसऱ्या दिवशीच्या तारखेवर काळी टिकली. त्या दिवशी पोट दुखलं तर लाल टिकली. बस. वहिनीचं बघून गटातल्या अकरा जणींनी भाद्रपद आणि आश्विन असे दोन महिने टिकल्या लावल्या. एकीच्या नवऱ्याने विचारलं, कालनिर्णयाला हळदीकुंकू आहे का? तिने सांगितलं, हो, आणि तुम्ही रात्री मोबाइल जोरात लावला की काळी टिकली तुमच्या नावाची.

दोन महिन्यांनी आम्ही सगळी पानं ओट्यावर मांडली. वहिनीच्या पानावर काळीच्या शेजारी बहुतेक ठिकाणी लाल होती. पाणी आलेल्या रात्रीनंतर तर हमखास. आणखी चौघींचं साधारण तसंच. गौरी-गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्याच पानांवर काळ्या-लाल टिकल्यांची गर्दी, पण तेव्हा जागरणं, फुगड्या आणि पुरणपोळ्या सगळं एकदमच, त्यामुळं दोष कुणाला द्यायचा? एकीचं तर झोपेशी नातंच दिसेना. तिच्या लाल टिकल्या दूध जास्त झालं की यायच्या. तिने दूध बंद करून पाहिलं, फरक पडला. आणि आमच्या एका काकूंच्या पानावर रोज काळी टिकली होती, लाल एकही नाही. पोट लोखंडाचं! आमचा हा काही अभ्यास नव्हे. पण बाईने स्वतःच्या शरीराचा हिशेब स्वतः ठेवला की डॉक्टरपुढं बसल्यावर तिच्याकडं सांगायला काहीतरी असतं. “पोट दुखतंय” आणि “आठवड्यातून पाच दिवस दुखतंय, मोडलेल्या रात्रीनंतर जास्त दुखतंय” यात फरक पडतो. दुसरं ऐकल्यावर डॉक्टरही नीट ऐकतात.

मग पुढं काय? पुस्तकात लिहिलेलं असतं, रोज सात-आठ तास शांत झोप घ्या. हे वाचून आम्हाला हसू येतं. झोप घ्यायची म्हणजे ती कुणीतरी द्यायला पाहिजे ना? बाईची रात्र अख्ख्या घराच्या नावावर असते. म्हणून आम्ही आधी रात्र मोडते कशाने ते बघितलं.

सगळ्यांत जास्त पाण्याने. आम्ही ग्रामसभेत विषय काढला, पाणी संध्याकाळी सोडा. उत्तर मिळालं, लाईट असेल तेव्हाच मोटार चालते. ते खोटं नव्हतं. मग आम्ही आमच्या आळीपुरतं केलं. शेजारच्या तीन घरांनी मिळून पाळी लावली, पाणी आलं की ज्या घराची पाळी ती बाई उठेल आणि तिन्ही घरांच्या टाक्यांत नळी सोडेल. बाकी दोन घरं झोपतील. चौथ्या दिवशीचं जागरण बाराव्या दिवसावर गेलं. दुसरं रानातली बॅटरी. त्यावर वहिनीचा दीर भावासोबत जायला तयार झाला, पण तोही तिने मागितलं तेव्हा, आधी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बारकं पोरगं आजीजवळ झोपायला लागलं. सासूबाईंना पटवायला आठ दिवस गेले, आणि पटवलं ते आत्यांनी, “तुझ्या सुनेची पिशवी वाचवायची तर नातू जवळ घे” असं तोंडावर सांगून.

मोबाइलचं आम्ही नवऱ्यांवर ढकलतो, पण आपणही काही कमी नाही. रात्री सगळे झोपल्यावर तेवढाच एक तास आपला असतो, म्हणून आपण अंधारात रील्स बघत पडतो. तो तास हवाच असतो, आम्हाला ते कळतं. पण तो अंथरुणात नको. डोळ्यांवरच्या उजेडाने झोप लांबते.

आणखी थोडं सांगतो. रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळची उठायची वेळ फार बदलू नका, शरीराचं घड्याळ त्याने लागतं. दुपारी चारनंतर चहा नको. कोरा असो की दुधाचा, चहातलं द्रव्य तासन्‌तास झोप अडवतं आणि आतडंही डिवचतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास अंतर असावं. आपण सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं खाऊन लगेच आडव्या होतो, त्याने छातीत जळजळ आणि पोट जड. सगळ्यांबरोबर जेवायला बसा. ही गोष्ट छोटी वाटते, पण आमच्या गटात यावरून जितकी बोलणी झाली तितकी कर्जावरून झाली नाहीत! अंथरुणात झोप येत नसेल तर तळमळत पडू नका, उठून बसा, दिवा न लावता पोट फुगवून सावकाश श्वास घ्या, सोडताना अजून सावकाश. दुपारी वेळ मिळाला तर वीस मिनिटं पडा, दोन तास नको. घट्ट होणाऱ्या बायकांना इसबगोल भरपूर पाण्यासोबत उपयोगी पडतं. गव्हाचा कोंडा खाऊ नका, त्याने कित्येकींचं पोट जास्त फुगतं.

काहींना झोप येते पण पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. ते पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. आशाताईला सांगून रक्त तपासून घ्या. आणि झोप मोडते ती मनाने, पहाटे तीनला जाग येऊन वाईट विचार थांबत नसतील, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून आपल्या मनाने आणू नका. अंगदुखीच्या गोळ्या रिकाम्या पोटी खाऊन दिवस काढणंही बंद करा, त्याने जठराला जखमा होतात आणि मग खरंच काहीतरी होऊन बसतं.

आता महत्त्वाचं. प्रत्येक पोटदुखी म्हणजे आयबीएस नव्हे. आयबीएसची कळ सहसा गाढ झोपेतून उठवत नाही. वहिनीला उठवणारं पाणी होतं, लेकरू होतं, पोट नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा. कळेनेच झोपेतून जाग येत असेल, रात्री उठून जुलाबाला पळावं लागत असेल, शौचावाटे रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, तर टिकल्या लावत बसू नका, थेट रुग्णालयात जा. आपल्याकडं आतड्याचा टीबीही होतो, आणि तो औषधांनी बरा होतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट बिघडायला लागलं, पोट सारखं फुगलेलं राहायला लागलं किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तरीही थांबू नका.

आणि पिशवीबद्दल. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हे आकडे पेपरात आले तेव्हा आम्ही वाचले आणि विसरलो. वहिनीच्या अर्जानंतर परत आठवले. काहींना ऑपरेशनची खरंच गरज असते, नाही असं नाही. गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही. पण आयबीएस असलेल्या बायकांची पिशवी इतर बायकांपेक्षा जास्त वेळा काढली जाते, हे परदेशातल्या अभ्यासांतही दिसलंय. कळ खालच्या पोटात, पाळीत वाढणारी, मग बोट पिशवीकडंच जातं. पिशवी काढली आणि चिडकं आतडं तिथंच राहिलं, तर दुखणंही तिथंच. त्यात अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं ठिसूळ होतात, रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते. म्हणजे जी झोप आधीच नव्हती तिचं उरलेलंही गेलं. म्हणून ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि ‘झोप किती’, ‘शौचाला जाऊन आल्यावर उतरतं का’ या दोन गोष्टी त्यांनी नाही विचारल्या तरी आपण होऊन सांगा.

फडावरच्या बायकांना हे कसं सांगायचं, हे मात्र आम्हाला अजून नीट उमगलेलं नाही. गाडी भरायला रात्री कधीही येते. अकराला, दोनला, चारला. भरून झाली की परत कोपीत येऊन पोरांचा स्वयंपाक, आणि उजाडायच्या आत पुन्हा फड. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या नर्सचा एक अभ्यास २०१० साली आला होता, ज्यांची पाळी सारखी बदलते त्यांच्यात आयबीएस दिवसपाळीच्या नर्सपेक्षा जास्त आढळला. ऊसतोडीला ना दिवसपाळी ना रातपाळी, दोन्ही एकदमच. एक दिवस विश्रांती घेतली तर खाडा लागतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. आम्ही एका मुकादमाला विचारलं, गाडीची वेळ आधी कळवता येईल का? तो हसला. म्हणाला, “ताई, ऊस काय बाईचं पोट बघून तुटतो का?” आम्हाला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. एवढंच केलं की गेल्या हंगामात एकाच टोळीत गेलेल्या आमच्या चार बायकांनी आपसांत ठरवलं, रात्री गाडी भरून आल्यावर एकीने चौघींच्या लेकरांचं रांधायचं, तिघींनी पडायचं. चार दिवसांतून तीन दिवस सकाळची दोन तास झोप सलग मिळाली. वहिनी त्या चौघींत होती. कालनिर्णयाचं पान फाडून सोबत नेलं होतं, कोपीच्या बांबूला सुतळीने बांधलं होतं. पाडव्याला परत आली तेव्हा त्यावर चिखल, काजळी आणि टिकल्या, सगळंच होतं.

तिचं पोट पूर्ण बरं झालंय असं आम्ही सांगणार नाही. आठवड्यातले पाच दिवस दुखायचं, ते आता दोनवर आलंय. फडावर वाढलं होतं, घरी आल्यावर उतरलं. पाळीत अजून त्रास होतो. मॅडमनी दिलेली कळेची गोळी तिच्या बटव्यात असते, पण रोज लागत नाही. राग कमी झालाय, असं सासूबाई म्हणतात. त्यावर वहिनी म्हणते, झोपलेल्या माणसाला राग येतो का?

चाळीस हजारांचा तो अर्ज आमच्या फाइलमध्येच होता. मागच्या बैठकीत तिला विचारलं, फाडू का? तर म्हणाली, “राहू द्या. पाठकोरा आहे. त्याच कागदावर शेळीचा अर्ज लिहिते.”